असंतोषाचा प्रहर

कलावंत हा मुळातच असंतुष्ट असावयाचा, आणि ज्या दिवशी त्याला समाधान लाभेल त्या दिवशी त्याच्या हातून काही निर्माण होण्याचे थांबेल, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात इतकी रुळली आहे की तिला पुरावा मागावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. केशवसुतांचे नाव निघाले की शाळामास्तरकीच्या तुटपुंज्या पगारावर झालेली त्यांची ओढाताण आणि १९०५ साली हुबळीस प्लेगने त्यांना गाठले ती हकीकत सांगितली जाते. गडकऱ्यांचे निघाले की १९१९ च्या जानेवारीत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, सावनेरला संपलेले त्यांचे आयुष्य आठवले जाते. बालकवींसारख्या आनंदाच्या कवीविषयी बोलतानासुद्धा, त्याच्या कवितेतल्या उल्हासापेक्षा मधूनमधून तीत उमटणारी उदासीनताच अधिक खरी, असे समीक्षकाला वाटत राहते. दुःख भोगणारा माणूस आणि कविता लिहिणारा माणूस एकच असल्यामुळे दुःखानेच कविता लिहिली, असा निष्कर्ष काढण्यास फार बुद्धी खर्चावी लागत नाही. शिवाय त्यात एक छुपी सोयही आहे. ज्याच्या हातून काही निर्माण होत नाही त्याला आपल्या चिडचिडीत प्रतिभेची चाहूल लागते, आणि ज्याला कलावंताच्या कामाचा मोबदला देणे जिवावर येते त्याला त्याच्या हलाखीत कलेचे हित दिसू लागते.

परंतु एखादे मत सोयीचे आहे एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. त्याची परीक्षा त्यातून निघणाऱ्या परिणामांवरून करावी लागते. असंतोष हे निर्मितीचे अनिवार्य कारण आहे असे एकदा मान्य केले की दोन गोष्टी आपोआप पदरात पडतात. पहिली अशी की, ज्याला आत्मसमाधान लाभले तो साधू मुका झाला पाहिजे. आणि तसे तर घडलेले दिसत नाही, कारण १२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण करून, विश्वात्मक देवाकडे सर्वांसाठी प्रसाद मागून झाल्यावर, ज्याला आता मागण्यासारखे काही उरले नाही अशी ज्याची स्थिती तो पुरुष पुन्हा लेखणीकडे वळतो आणि कोणत्याही मूळ ग्रंथाचा आधार न घेता ‘अमृतानुभव’ रचतो. दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. सृष्टी ही जर निर्मिती असेल आणि निर्मितीस जर उणीव लागत असेल, तर सृष्टिकर्त्यालाही काही उणे होते असे म्हणावे लागेल. आणि ज्याला उणे आहे त्याला ईश्वर कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? हा पेच उपस्थित करणारे नास्तिक नव्हते, आपले दर्शनकारच होते, आणि तो त्यांनी ज्या कसोशीने सोडविण्याचा यत्न केला ती पाहिली म्हणजे कलावंताविषयीच्या आपल्या चर्चेला अनपेक्षित दिशेने प्रकाश मिळतो.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, बत्तिसाव्या सूत्रात, पूर्वपक्षाने हा आक्षेप सरळ मांडला आहे. शहाणा माणूस प्रयोजनावाचून काही करीत नाही. प्रयोजन म्हणजे जे आपल्यापाशी नाही ते मिळविणे. तेव्हा ईश्वराने जग निर्माण केले असे म्हणाल तर तो आप्तकाम, म्हणजे सर्व इच्छा पुरलेला, राहत नाही, आणि त्याला आप्तकाम ठेवावयाचा असेल तर जगाचे कर्तृत्व त्याच्याकडून काढून घ्यावे लागेल. या दुधारी आक्षेपाला पुढच्याच सूत्राने जे उत्तर दिले ते लीलेचे, आणि त्यावरील भाष्यात शंकराचार्यांनी दोन दाखले दिले आहेत. ज्याच्या सर्व इच्छा पुरवल्या गेल्या आहेत असा एखादा राजा किंवा राजाचा अमात्य कशाच्याही प्राप्तीसाठी नव्हे तर केवळ क्रीडा म्हणून विहारात रमतो, हा एक दाखला. आणि श्वासोच्छ्वास कोणतेही बाह्य प्रयोजन समोर न ठेवता स्वभावतःच चालतो, हा दुसरा. या दोहोंत दुसरा दाखला मला अधिक मोलाचा वाटतो. राजाच्या क्रीडेत कंटाळा घालविण्याचा सूक्ष्म हेतू शोधून काढता येईल, आणि स्वतः आचार्यांनाही लौकिक क्रीडेविषयी ही शंका जाणवली आहे; पण श्वास टाकणाऱ्याला कशाची वाण आहे म्हणून तो श्वास टाकतो असे कोणी म्हणणार नाही. जिवंत असणे आणि श्वास बाहेर पडणे या दोन घटना नव्हेतच.

आता खुद्द श्रुतीचे यावर काय म्हणणे आहे हे पाहू गेल्यास ती एकमुखाने बोलत नाही असे आढळते. बृहदारण्यकाच्या पहिल्या अध्यायातली सृष्टिकथा उघडच अतृप्तीची आहे. आरंभी एकटा असलेला तो आत्मा प्रथम भ्याला, मग दुसरे कोणी नाहीच तर भ्यावयाचे कोणाला असा विचार करून निर्भय झाला. पण भय गेले तरी त्याला करमेना, आणि एकट्याला करमत नाही म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली. तैत्तिरीयाची तऱ्हा याहून विलक्षण, कारण तेथे दोन्ही पक्ष एकाच उपनिषदात नांदतात. ब्रह्मानंदवल्लीत ब्रह्माने अनेक होण्याची कामना केली, तप केले आणि हे सर्व निर्माण केले असे सांगितले आहे. आणि पुढच्याच भृगुवल्लीत, अन्नापासून विज्ञानापर्यंतच्या पायऱ्या ओलांडून गेलेल्या भृगूला, भूतमात्र आनंदातून जन्मास येते, असा साक्षात्कार होतो. कामना आणि आनंद यांपैकी जगाचे मूळ कोणते मानावयाचे?

कामनेच्या वाक्यावर भाष्य करताना शंकराचार्यांना ही अडचण टाळता आली नाही. कामना करतो म्हणजे ब्रह्म आपल्यासारखेच अनाप्तकाम ठरते की काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला आणि त्याचे उत्तर ‘स्वातंत्र्य’ या एका पदात दिले. आपल्या कामना आपल्याला बाहेरून ओढतात, आपण त्यांच्या हुकमतीखाली वागतो. ब्रह्माच्या कामना ब्रह्मावर सत्ता चालवीत नाहीत. म्हणजे कामना असणे हा दोष नव्हे, कामनेच्या ताबेदारीत असणे हा दोष. ईश्वराविषयीचा वाद ज्याला निरर्थक वाटत असेल त्यानेही हा भेद जपून ठेवावा, कारण माणसाच्या बाबतीत तो रोजच्या अनुभवाचा आहे. एखादे चित्र काढावे असे वाटणे निराळे, आणि ते काढल्यावाचून आपली किंमत कोणाला कळणार नाही या धास्तीने कुंचला हाती घेणे निराळे. दोन्ही ठिकाणी चित्राची इच्छा आहे; पहिल्या ठिकाणी चित्रकार मोकळा आहे, दुसऱ्या ठिकाणी तो आपल्याच उणिवेचा कारकून आहे.

ग्रीकांनीही हा प्रश्न कथारूपाने हाताळला आहे. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये सॉक्रेटिस, डायोटिमा नावाच्या विदुषीकडून आपण ऐकलेली म्हणून, प्रेमदेव ईरॉस याच्या जन्माची कथा सांगतो. अफ्रोडायटीच्या जन्मोत्सवाच्या मेजवानीस पोरॉस, म्हणजे समृद्धी आणि युक्ती यांचा देव, अमृत पिऊन झ्यूसच्या बागेत झोपी गेला. भिक्षेसाठी दारात आलेली पेनिया, म्हणजे दैन्य, त्याच्यापाशी गेली. आणि त्या संगातून ईरॉस जन्मास आला. हा ईरॉस अनवाणी, बेघर, सदा गरजवंत, आणि तरीही सदा उद्योगी व युक्तिबाज. सौंदर्याच्या सान्निध्यात निर्मिती करण्याची मनुष्याची ओढ त्याचीच. आधुनिक काळाने या कथेतले दैन्य तेवढे उचलले. पेनियेची कूस सर्वांना ठाऊक झाली, मुलाचा बाप मात्र दप्तरातून गहाळ झाला. दैन्य दारात उभे असते हे खरेच. परंतु आत उत्सव चाललेला नसता, बागेत कोणी तृप्तीने निद्रिस्त नसता, तर त्या बिचारीला दारातून तशीच परतावे लागले असते, आणि जगातल्या बहुसंख्य दैन्यावर तशीच परतण्याची पाळी येते.

हे केवळ कथेवरून म्हणत नाही. असंतोषवादी पक्षाला महाराष्ट्रात तुकोबांइतका बळकट साक्षीदार मिळणार नाही. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ, बुडालेला व्यापार, अन्न अन्न करीत गेलेली पहिली बायको, गावात झालेली बेअब्रू, हे सारे त्यांच्याच अभंगांतून नोंदले गेले असल्याने त्याविषयी चरित्रकाराच्या कल्पनेवर विसंबण्याचे कारण उरत नाही. परंतु त्याच आत्मनिवेदनात तुकोबा पुढे काय सांगतात इकडे हा पक्ष काणाडोळा करतो. दुष्काळानंतर अभंग आले असे ते म्हणत नाहीत. दुष्काळानंतर त्यांनी पडीक देऊळ नीट करण्याचे मनात घेतले, एकादशीला कीर्तन करू लागले, आरंभी त्यात चित्त लागेना तरी करीत राहिले, संतांची वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली, गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले. आणि कवित्वाची आज्ञा झाली ती नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन, आपली अपुरी राहिलेली अभंगांची संख्या पुरी करण्यास सांगितले तेव्हा. या हकीकतीतला चमत्कार बाजूस ठेवला तरी तिचा क्रम बोलका आहे. आपत्ती आणि काव्य यांच्या मध्ये एक दीर्घ भरणी झालेली आहे: पाठांतराची, श्रवणाची, सेवेची. आणि लिहिण्याचे निमित्त म्हणून जे सांगितले गेले त्यात स्वतःच्या हानीची भरपाई कोठेच नाही. दुसऱ्याने आरंभिलेले एक मोठे काम पुढे नेण्याची जबाबदारी आहे. इंद्रायणीत आपल्या वाट्याची खतपत्रे बुडविल्याची जी कथा परंपरेने जपली तिचाही रोख हाच आहे: जगाकडून येणे असलेली बाकी सोडून दिल्यानंतर या माणसाने लिहिण्यास घेतले.

तो दुष्काळ एकट्या देहूवर पडला नव्हता. त्यात ज्यांची गुरेढोरे, माणसे, पत गेली अशी घराणी गावोगाव होती, आणि त्यांचा असंतोष तुकोबांपेक्षा रतिभरही कमी असण्याचे कारण नाही. तरी त्या घराघरांतून गाथा निघाली नाही. नैयायिकांनी कारणाचे लक्षण ठरविताना नेमक्या अशाच भ्रमापासून सावध राहण्यास सांगितले आहे. जे कार्याच्या आधी उपस्थित असते ते प्रत्येक कारण नसते. ज्याच्यावाचूनही कार्य झाले असते ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणून कारणांच्या यादीतून वगळावे. त्यांचे ठरीव उदाहरण कुंभाराच्या गाढवाचे. माती त्याच्या पाठीवरून आली हे निर्विवाद, एखाद्या घटाच्या आधी ते नियमाने अंगणात उभेही असेल; पण घटाची कारणे मोजताना माती, चाक, दंड आणि कुंभार यांच्या पंक्तीस त्याला बसविता येत नाही, कारण माती दुसऱ्या वाटेनेही येऊ शकली असती. आयुष्यातली दुःखे कवीपर्यंत पुष्कळदा माती आणून पोचवितात. त्यांचे ते श्रम कोणी नाकारू नयेत. परंतु घट त्यांनी घडविला असा दाखला मात्र त्यांना देता येणार नाही.

अलीकडच्या काळातले उदाहरण हवे असेल तर कुमार गंधर्वांचे घ्यावे. १९४७ साली क्षयाने त्यांची फुप्फुसे ग्रासली, हवापालटासाठी ते देवासला आले, आणि ज्याचे गाणे लहानपणापासून देशभर गाजले त्या गायकाला पुढची काही वर्षे गाण्याची मनाई झाली. यापुढे त्यांच्या गायकीने जे निराळे वळण घेतले त्याचे श्रेय त्या यातनेला देण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण यातनेने त्यांना मौन तेवढे दिले. त्या मौनात जे भरले ते माळव्याच्या लोकगीतांनी. दारावरून जाणाऱ्या, घराघरांत गायिल्या जाणाऱ्या त्या धुना त्यांनी ऐकल्या, त्यांतली रागांची बीजे ओळखली, आणि त्यांतून त्यांचे धुनउगम राग सिद्ध झाले. आजारी पडलेला प्रत्येक गवई असा ऐकू लागत नाही. स्वतःच्या दैवाविषयी कुरकुर करणाऱ्या मनाला तर शेजारचे गाणे ऐकूच येत नसते.

दुःखापासून काव्य झाल्याची सर्वांत जुनी साक्ष आपल्याकडे वाल्मीकींची आहे, आणि तिचा निवाडा करताना काश्मीरच्या आचार्यांनी दाखविलेली सूक्ष्मता आजही थक्क करते. क्रौंचाच्या जोडीतला एक पक्षी बाणाने पडला, ऋषीचा शोक श्लोक झाला, आणि या शोकातच काव्याचा आत्मा आनंदवर्धनांनी पाहिला. त्यांच्या ‘ध्वन्यालोका’वर ‘लोचन’ टीका लिहिणारे अभिनवगुप्त येथे वाचकाचा हात धरून त्याला थांबवितात: हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक समजू नका, कारण मुनी स्वतःच शोकाने व्याकूळ झाला असता तर त्याच्या हातून श्लोक झालाच नसता, दुःखाने पोळलेल्या अवस्थेत काव्यरचना संभवत नाही. तो शोक आपपरभावाच्या पलीकडे जाऊन आस्वाद्य झाला, त्याने चित्त तुडुंब भरले, आणि काठोकाठ भरलेल्या कुंभातले पाणी जसे आपोआप उचंबळते तसा तो शब्दांत बाहेर पडला. याच ठिकाणी अभिनवगुप्तांनी भट्टनायकांचाही आधार घेतला आहे. कवी रसाने जोपर्यंत स्वतः भरलेला नाही तोपर्यंत तो बाहेर टाकू शकत नाही, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. तेव्हा प्रश्न सुखाचा की दुःखाचा हा राहतच नाही. शोकही पूर्ण असू शकतो, आणि चैनही रिकामी असू शकते. निर्मितीला जी लागते ती अनुभवाची भरती. तो अनुभव कोणत्या रंगाचा हे गौण आहे.

तरीही कोणी म्हणेल की ही अलंकारशास्त्र्यांची हवेतली मांडणी झाली. रोज उठून लिहिणाऱ्याला असंतोष जाणवतो त्याचे काय? अशा व्यवहारी शंकेकरिता राजशेखरांकडे जावे. महाराष्ट्राशी ज्याच्या घराण्याचे नाते होते आणि इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी कनोजच्या दरबारी जो वावरला त्या या कवीची ‘काव्यमीमांसा’ १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजचा पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाली. कवित्वाच्या आठ माता म्हणून तीत जी गणना आली आहे तिचा आरंभ स्वास्थ्यापासून होतो. मग प्रतिभा, अभ्यास, भक्ती, विद्वानांशी संवाद, बहुश्रुतता आणि दृढ स्मृती. आणि शेवट होतो तो अनिर्वेदाने, म्हणजे मनाने खचून न जाण्याने. पहिली माता निरोगी आणि शेवटची प्रसन्न असलेल्या या यादीत असंतोषाला दाईचीही नेमणूक नाही. परंतु राजशेखर भोळा आशावादी नाही. कवीच्या दिवसाची त्याने प्रहरवार वाटणी केली आहे: पहिल्या प्रहरी विद्यांचे अनुशीलन, दुसऱ्या प्रहरी काव्यरचना, तिसऱ्या प्रहरी काव्यगोष्ठी, आणि चौथ्या प्रहरी, मोजक्या सोबत्यांसह, सकाळी जे रचले त्याची परीक्षा. त्याचे कारणही तो देतो. रसाच्या आवेशात रचणाऱ्याची दृष्टी विवेचक नसते. म्हणून जादा असेल ते काढणे, उणे असेल ते भरणे, स्थान चुकलेले हलविणे आणि विसरलेले स्मरणे, हे काम मागाहून करावयाचे.

माझ्या मते या वाटणीत आपल्या वादाचा बराचसा फडशा पडतो. असंतोष खोटा नाही. त्याची वेळ ठरलेली आहे. दुसऱ्या प्रहरी तो आला तर लेखणी अडते, कारण लिहिलेला प्रत्येक शब्द त्याच्यापुढे आरोपी म्हणून उभा राहतो; आणि चौथ्या प्रहरी तो आलाच नाही तर लेखन कच्चे राहते. निर्मितीपूर्वी तो माणसाला जागेवरून उठवीत असेल, निर्मितीनंतर तो तिचा पंच होतो. पण प्रत्यक्ष निर्मितीच्या घटकेला त्याला बाहेर थांबावे लागते. उपनिषदातल्या विरोधाचाही परिहार याच वाटेने होतो असे मला वाटते: एकट्याला करमले नाही हे वाक्य आरंभाविषयी आहे, आनंदातून भूतमात्र जन्मते हे वाक्य जन्माविषयी आहे. आणि जन्मानंतरच्या अवस्थेविषयीही वैदिकांनी सांगून ठेवले आहे. शतपथ ब्राह्मणात प्रजा निर्माण केल्यावर प्रजापती गळून जातो, त्याचे सांधे शिथिल होतात, आणि अग्निचयनात विटेवर वीट रचून त्याला पुन्हा सांधावे लागते. काम संपल्यावर कलावंताला जे रितेपण ग्रासते ते पाहून लोक म्हणतात की पाहा, हा कसा सदा अतृप्त; वस्तुतः ते रितेपण खर्चाचे आहे, आणि खर्च झाला याचा अर्थ जमेस काही होते.

येथवर आल्यावर एक अवघड प्रश्न समोर येतो, आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संतोषाचा महिमा गाणारे शास्त्र या देशात पुष्कळदा ज्यांच्या ताटात काही नव्हते त्यांनाच ऐकविले गेले. चोखोबा पंढरीच्या महाद्वारापाशी बाहेर उभे राहिले आणि १३३८ साली मंगळवेढ्यास भिंत कोसळून गेले. त्यांचा मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत तर बापाहून तिखट स्वर लागला आहे, आणि अशा जातीत जन्म देऊन तू काय साधलेस, असा जाब तो देवालाच विचारतो. त्या अभंगांची निर्मिती असंतोषातून झाली नाही असे म्हणण्याची कोणाची छाती होईल? आणि त्या माणसाला, आधी समाधान मिळव मग लिही, असा उपदेश करणे यासारखा निर्दयपणा दुसरा कोणता?

लोकमान्यांना हा प्रश्न पुरता उमगला होता. व्हॅलेंटाइन चिरोलने १९१० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ज्यांना हिंदी असंतोषाचे जनक ठरविले, तेच टिळक त्याच सालच्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते, आणि त्यातील सुखदुःखविवेकाच्या प्रकरणात असंतोष सरसकट त्याज्य आहे काय या प्रश्नाचा ते काथ्याकूट करीत होते. मनाला जाळणारी तृष्णा सोडावी, पण आहे त्याहून अधिक चांगल्या स्थितीस जाण्याची इच्छा सोडण्याचे कारण नाही, असा त्यांचा एकंदर रोख आहे. आणि त्यांचा आधार अर्थातच गीतेचा. तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतो की तिन्ही लोकांत मला मिळवावयाचे असे काही नाही, तरी मी कर्म करीतच आहे. आप्तकामाचे कर्तृत्व ज्याला केवळ तर्काची कसरत वाटत होते त्याला येथे ते रणांगणावर, घोड्यांचे लगाम हाती घेऊन उभे असलेले दिसते. योगसूत्रांतल्या पाच नियमांत संतोषाच्या लगेच नंतर तप येते, यालाही असाच अर्थ आहे: स्वतःच्या वाट्याविषयी जो निवांत झाला त्याच्यापाशीच कष्टासाठी लागणारी सगळी शक्ती शिल्लक राहते.

तरी कर्ममेळ्याला दिलेले हे पुरते उत्तर नाही. कारण त्याची तक्रार केवळ स्वतःच्या वाट्याची नव्हती, वाटणी करणाऱ्याच्या न्यायाची होती. या तक्रारीचे मर्म समजण्यास मला महात्मा फुले यांच्या शेवटच्या ग्रंथाचा उपयोग होतो. १८८८ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात निकामी झाला, आणि डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ सिद्ध केले; ते छापून निघाले १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. प्रस्थापित धर्मव्यवस्थेवर इतका कडवा असंतोष ज्याने आयुष्यभर बाळगला त्याचे हे अखेरचे पुस्तक केवळ फिर्यादीचा अर्ज असेल अशी अपेक्षा करावी, तर त्याच्या बुडाशी आढळते ती कृतज्ञता. निर्मिकाने ही सृष्टी सर्व मानवांसाठी निर्माण केली, तिच्यातल्या वस्तूंचा उपभोग घेण्यास सर्व स्त्रीपुरुष सारखेच हक्कदार आहेत, आणि म्हणून काहींनी तो हक्क दाबून ठेवणे हा निर्मिकाविरुद्ध अपराध आहे, अशी ती विचारसरणी. म्हणजे फुल्यांचा असंतोष अभावाच्या जाणिवेतून उगवलेला नाही. मुळात पुरेसे होते, सर्वांना पुरेल इतके होते, या जाणिवेतून तो उगवला आहे. ज्याला जग स्वभावतःच कद्रू वाटते तो हळहळतो किंवा हिसकावून घेतो. जग मुळात उदार आहे असे ज्याला दिसले तोच अन्यायाला अन्याय म्हणू शकतो. कर्ममेळ्याच्या प्रश्नाचाही असाच उलगडा होतो. देव आपला आहे याची खात्री नसती तर त्याने देवाला जाब विचारला नसता. परक्या धन्यापुढे माणूस अर्ज करतो, भांडतो तो आपल्या माणसाशी.

आणि चौथ्या प्रहरी स्वतःच्या ओळीवर काट मारणारा कवी तरी कोणत्या अधिकाराने ती मारतो? ओळ कशी हवी होती याचे माप त्याच्यापाशी नसते तर ती उणी पडली हे त्याला कळलेच नसते. पूर्णता त्याने कोठेतरी पाहिली आहे: पूर्वसूरींच्या ग्रंथांत, गुरूच्या गळ्यात, किंवा स्वतःच्याच एखाद्या भाग्याच्या क्षणी. ज्याने ती मुळीच पाहिली नाही तो आपल्या पहिल्या खरड्यावर खूश असतो, आणि त्याच्या त्या खुशीला कोणी संतोष म्हणू नये. ती माहितीची उणीव आहे. अशा रीतीने ज्या विधानापासून आरंभ केला त्याचा क्रम उलटा लावावा लागतो. निर्मिती असंतोषावर अवलंबून आहे असे वाटत होते. परंतु असंतोष स्वतःच्या पायांवर उभा नाही, तो अगोदर घडलेल्या एका पूर्णतेच्या दर्शनावर अवलंबून आहे, आणि निर्मितीही त्याच दर्शनावर. ही दोन भावंडे एकाच घरात वाढतात म्हणून त्यांतल्या एकाला दुसऱ्याचा जन्मदाता समजण्याची गफलत होते.

हा विचार मान्य झाला तर व्यवहारात दोन गोष्टी बदलावयास हव्यात. लेखक, गायक, चित्रकार यांना चांगले पोटभर मिळाले तर त्यांची धार बोथट होईल, ही आश्रयदात्यांची काळजी त्यांनी खुशाल सोडून द्यावी. राजशेखराने कवीसाठी नीटनेटके घर, बाग आणि निवांत वेळ मागितला आहे, आणि त्याला काव्य कशाने होते हे आश्रयदात्यांपेक्षा अधिक ठाऊक होते. आणि ज्याला काही निर्माण करावयाचे आहे त्याने आपल्या मनातला सल कुरवाळीत बसण्यापेक्षा आपण शेवटचे काय पाहिले, काय ऐकले, कशापुढे आपण स्वतःला विसरलो, याचा हिशेब आधी घ्यावा. त्या हिशेबात जमेची बाजू कोरी निघाली तर दुःख कितीही खरे असले तरी त्याला लिहिण्यासारखे काही सापडणार नाही. आणि ती भरलेली निघाली तर असंतोष कोठून आणावा याची चिंता त्याला करावी लागणार नाही, कारण जे पाहिले त्याच्या तोलाचे आपल्या हातून उतरले नाही ही रुखरुख तो काम करू लागताच आपण होऊन रुजू होईल.